तेर ते समुद्र, थेट गाडी

देवळात गेल्यावर लोक कासवाला हात लावतात आणि पुढं देवाकडं जातात. आमचे शेजारी निवृत्तीअप्पा कासवापाशीच बसतात आणि त्या दगडाच्या तोंडात बोट घालतात. "आ कर," म्हणतात. "काय गिळलंस, दाव." मागं बायांची रांग खोळंबते. पुजारी ओरडतो, "अप्पा, देव आत हाय!" अप्पा म्हणतात, "देवाच्या घशात काय अडकत न्हाय."

माणूस एसटीत कंडक्टर होता. नोकरी संपली, पण घंटी डोक्यातून गेली नाही. मागं एकदा जुन्या सोबत्यांबरोबर कोकणात फिरायला गेले. बाकीच्यांनी मासे खाल्ले. यांनी वाळूवर मेलेलं कासव बघितलं. परातीएवढं. डॉक्टरनं पोट फाडलं तर आत कॅरीबॅगा. तरंगणारी पिशवी त्या मुक्या जिवाला जेलीफिश वाटते म्हणे, आणि जेलीफिश त्याचं जेवण. तेव्हापासून आमच्या तेर गावचा सगळा कचरा अप्पांचा प्रवासी झाला.

कुणी नदीत पिशवी टाकली, की काठावरून आवाज आलाच. "तेरणा, मांजरा, गोदावरी, समुद्र! थेट गाडी! मधी उतरायला न्हाय!"

शाळेतले गुरुजी एकदा म्हणाले, "अप्पा, तुमचं कासव पश्चिमेच्या समुद्रातलं. आपली नदी पूर्वेला जाते."

"मग तिकडच्या कासवाला घसा नसतो व्हय?"

मला हे सारं येडेपण वाटायचं आणि मी ते तोंडावर म्हणायचे. शिवाय एक संशय होता. अप्पा काठीनं पिशव्या ओढायचे, पण बांधलेली पिशवी कधी फाडायचे नाहीत. मांडीवर घेऊन नखानं गाठ सोडायची, आत डोकवायचं, मगच पोत्यात टाकायची. निर्माल्यात कधीमधी एखादा सोन्याचा मणी जातो, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"काय गावलं, सोनं का?" मी विचारायचे.

"झेंडू, वैनी. बिनतिकिटाचा."

यंदा माझी जाऊ गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडून पुतण्या नदीवर आला, तो कॅरीबॅग घेऊन. वर गाठ. टाकायला हात उचलला आणि अप्पांनी मनगटच धरलं.

"गाठ सोड."

"अप्पा, आज तरी गप बसा. माझी आई हाय ती."

"म्हणूनच म्हणतोय. सोड."

पाहुणे खवळले. म्हाताऱ्याला उचला, म्हणाले. पुतण्यानं हिसका दिला, तसे अप्पा गुडघ्यावर पाण्यात बसले, पण मनगट सोडलं नाही. मी पुढं झाले, ती अप्पांना झापायलाच.

"लाज न्हाय का? मयताचं तरी सोडा की!"

अप्पा माझ्याकडं न बघता बोलले. "सुमनच्या राखंचं गाडगं वाटंतच फुटलं व्हतं, वैनी. म्या पिशवीत भरली. गाठ म्याच मारली. लई पक्की. अजून आतच आसंल ती. न्हायतर एखाद्या कासवाच्या..."



सुमन म्हणजे त्यांची बायको. तिला कोंडलेलं खपायचं नाही. थंडीतसुद्धा दार उघडं टाकून झोपायची. नवरा कंडक्टर, तरी गाडीत खिडकीसाठी भांडायची, आणि नवऱ्याशीच.

मी पुतण्याच्या हातातून पिशवी घेतली, गाठ सोडली, त्याच्याच हातानं राख मोकळी पाण्यात सोडायला लावली. रिकामी पिशवी अप्पांच्या पोत्यात टाकली.

परतताना म्हटलं, "सुमननं ती पिशवी मांजरेच्या अलीकडंच फाडली आसंल. तिला मधी उतरायला कोण आडवतंय?"

अप्पांनी पोतं खांद्यावर घेतलं. मग म्हणाले, "व्हय. भांडली आसंल."

मला वाटलं, सुटला माणूस. दुसऱ्या दिवशी बघते, तर काठावर हजर. मांडीवर पिशवी, नखानं गाठ.

"काय गावलं?" मी विचारलं.

"झेंडूच," म्हणाले, आणि पुढची पिशवी ओढली.