हिरडीटोल्याच्या तुडुमाची मोहीम

श्रीगजाननास वंदून, आणि मतदारयादीस साक्ष ठेवून, मौजे हिरडीटोला, जिल्हे गोंदिया, येथील मोहिमेची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. वाचणारांनीं हसूं नये. हसूं आलियास तोंडास पदर लावावा.

तलावाचें पाणी शेतास सोडावयाचें जें भोक, त्यास या प्रांतीं तुडूम म्हणती. हिरडीटोल्याचें तुडूम पंचवीस वर्षें फुटकें. माती आणि तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, कोंबावी तों वाहून जाय, आणि मग भरला तलाव माघाआधीं नाल्यास मिळे. शेवटल्या बांधीची, म्हणजे धानाचे खाचराची, धनीण कुंदाबाई, तिचें दोन एकर उन्हाळी धान एकही साल हातीं न आलें. वाडवडिलांनीं तलाव बांधिला आणि आपणांस भोक बुजवितां येईना, याची तिजला फार लाज वाटे.

आमदार राजमान्य राजश्री दुलीचंदराव पांच खेपा विजयी. सभागृहीं एकवार बोलिले, तें पंखा बंद करा म्हणून. परंतु दर खेपेस निवडून येतांच लवाजम्यानिशीं तलावाचे पाळीवर येत, नारळ फोडीत, आणि तुडूम-दुरुस्तीचे भूमिपूजनाची घडीव शिळा रोवीत. ऐशा पांच शिळा पाळीवर ओळीनें उभ्या होत्या.

मग कुंदाबाईनें ग्रामसभेंत ठराव मांडिला कीं, आमदारास दोन खेपांउपर तिसरी नसावी. तीन वेळां गणपूर्ती न जाहली. चौथे सभेस खासे दुलीचंदराव दाखल होऊन फर्माविते जाहले कीं, ठराव बहुत रास्त, हा कायदा आम्हीच आणूं, त्याकारणें आम्हांस सहावी खेप द्यावी. आणि टाळ्यांचा एकच गजर उठला.

"काऊन जी उदाराम भाऊ, टाळ्या कायले वाजवून राहिले?" कुंदाबाईनें सरपंचास पुसिलें.

"सारेच वाजवून राहिले होते ना वो बाई," सरपंच उत्तरले.

ठराव हारतुऱ्यांखालीं दबोन गेला. कुंदाबाई घरीं येऊन संतापानें रडली. परंतु रडून पाणी अडत नाहीं, हें जाणोन दुसरे दिवशीं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, आणि सुलोचनाबाई, नंदाबाई ऐशा मातबर सरदारणी संगें घेऊन पाळीवर चाल केली. पांचही शिळा उपटिल्या, फुटक्या तुडुमांत रचिल्या, आणि सांधीं चिखल-तणीस भरली. पंचवीस वर्षांत जें न जाहलें तें दोन प्रहरांत जाहलें. परंतु पाणी सोडावयाचें तोंड उघडेंच राहिलें. त्यास झांकण पाहिजे होतें, आणि सहावी शिळा गांवीं नव्हती.

निवडणूक तोंडावर आली. आतां कुंदाबाई दुलीचंदरावांस बुडविणार, ऐसी अवघ्यांची अटकळ. तिनें बायांस जमवून सांगितलें, "मत त्यालेच द्या. झाकण पायजे."

दुलीचंदराव सहाव्यानें विजयी जाहले. रिवाजाप्रमाणें पाळीवर आले, आधींच्या शिळा कोठें म्हणोन पुसिलें नाहीं, नवी शिळा रोविली आणि फोटो काढून कूच केलें. मोटारीची धूळ बसली नाहीं तों बायांनीं शिळा उपटून तोंडावर बसविली. गळती थांबली.

येणेंप्रमाणें तुडूम फत्ते जाहलें. कायद्याचें पुढें कोणी नांव काढिलें नाहीं. माघमासीं कुंदाबाईनें शिळा सरकविली, शेवटल्या बांधीपावेतों पाणी पोंचलें आणि उन्हाळी धानाची रोवणी जाहली. पुढले ग्रामसभेंत तिनें उभें राहोन वहींत कायम नोंद करविली, ती ऐसी: तुडुमास सहा शिळा पुरल्या, सातवीची गरज नाहीं.