वानखेडे सिस्टरांचा राउंड

आमच्या बिल्डिंगमधल्या वानखेडे सिस्टर रोज सकाळी सात वाजता एक्केचाळीस पेशंट तपासतात. आपण पेशंट आहोत हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही. एक जण जपानमध्ये असतो, दोघे केरळात, एक बाई कॅनडात, आणि एक आहेत नाशिकचे निवृत्त मास्तर, जे फक्त बंद पडलेल्या घड्याळांबद्दल लिहितात. हे सगळे ब्लॉग लिहिणारे लोक. सिस्टर त्यांचे ब्लॉग वाचतात. पण ‘वाचते’ असं त्या कधी म्हणत नाहीत. “राउंड घेते,” म्हणतात.

सिस्टर मूळच्या वाशिमकडच्या. महापालिकेच्या एका हॉस्पिटलात पस्तीस वर्षं नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं वॉर्डाच्या प्रमुख म्हणून. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की सांगतात, “वॉर्डात तीस जण होते सांभाळायला. एकतिसावा काऊन पाहिजे?” निवृत्तीनंतर घाटकोपरला पंतनगरात आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायला आल्या. त्यांचा कम्प्युटर टेबलावर नसतो, चाकं असलेल्या स्टीलच्या ट्रॉलीवर असतो. सकाळी उजेड खिडकीत असेल तर ट्रॉली खिडकीत, नंतर सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दारात. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात एक लांबट रजिस्टर, निळं पेन, लाल पेन.

रजिस्टरमध्ये ब्लॉगांची नावं नाहीत, बेड नंबर आहेत. बेड तीन म्हणजे कॅनडातली शर्टाच्या बटणांचा इतिहास लिहिणारी बाई. बेड नऊ, भिंतीवरच्या शेवाळाचे फोटो टाकणारा केरळातला मुलगा. बेड चौदा जपानी, त्याला खेड्यांतल्या बस थांब्यांचं वेड.

“इतके वेगवेगळे लोक तुम्हाला सापडतात कुठे?” मी एकदा विचारलं.

“सापडायचं काय त्यात? रेफर होऊन येतात.”

म्हणजे असं, की प्रत्येक ब्लॉगच्या कडेला त्या लेखकाला आवडणाऱ्या दुसऱ्या ब्लॉगांची यादी असते. सिस्टर तिथून पुढे जातात. एका सकाळी त्या बटणांवरून शिंपल्यांवर गेल्या, कारण बटणं पूर्वी शिंपल्यांची करत. शिंपल्यांवरून भरती-ओहोटीवर, ओहोटीवरून चंद्रावर, आणि जेवायच्या वेळेपर्यंत जुन्या दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला ॲडमिट करून मोकळ्या झाल्या.

मात्र ॲडमिशन सगळ्यांना मिळत नाही. प्रसिद्ध ब्लॉग असेल, खाली शंभर कमेंट असतील, तर सिस्टर पान बंद करतात. “याच्या खाटेभोवती नातेवाइकांची गर्दी आहे. इथे माझं काय काम?” कमेंटच्या जागी शून्य दिसलं की चष्मा पुसतात आणि नवीन बेड नंबर देतात.

मी यात कशी आले, तर जिन्यातून. मी फारशी बोलत नाही. घरूनच ऑफिसचं काम करते, आणि बाहेर पडताना जिन्यात पावलं ऐकू आली तर ती जाईपर्यंत दाराआड थांबते. एक दिवस हिशेब चुकला.

“तू दुसऱ्या मजल्यावरची ना? इंग्लिश मीडियम?” सिस्टरांनी रक्तगट विचारावा तसं विचारलं.

“हो.”

“मग चल. एक पेशंट काय म्हणतो ते कळत नाहीये.”

सिस्टरांना इंग्रजी येतं, पण वॉर्डातलं. स्टेबल, ऑब्झर्व्ह, नथिंग बाय माउथ. एखादा ब्लॉगवाला फार अलंकारिक लिहायला लागला की त्या मला बोलावतात आणि विचारतात, “याला ताप आहे का?”

मी त्यांना सुधारायचाही प्रयत्न केला. एक सोय असते, कोणी नवीन पोस्ट टाकली की आपल्याला आपोआप कळतं, ती जोडून देते म्हटलं. एक्केचाळीस ठिकाणी रोज फिरायला नको.

“म्हणजे बेल वाजवली तरच जायचं?”

“हो ना. वेळ वाचेल.”

“पोरी, बेल वाजवणाऱ्याची तब्येत बरी असते. जो वाजवत नाही त्याच्याकडे आधी जावं लागतं.”

विषय संपला.

आता बेड अकरा. इंग्लंडच्या उत्तरेला कुठेतरी राहणारे एक गृहस्थ. घरामागे त्यांचं एक छोटं तळं, आणि दर रविवारी ते त्या तळ्याबद्दल चार ओळी लिहायचे. पाणी किती, बेडूक किती, बगळा आला का. सहा वर्षं, एकही रविवार न चुकता. त्यांचं इंग्रजी साधं, मोजमापाचं, त्यामुळे सिस्टरांना माझी गरज लागत नसे. त्या त्यांना ‘तळेवाले’ म्हणत, आणि त्यांच्यासारखा शिस्तीचा पेशंट उभ्या आयुष्यात पाहिला नाही म्हणत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाणी उशिरा आल्यावरून भांडण पेटलं तेव्हा सिस्टर उठून म्हणाल्या होत्या, “तळेवाल्यांकडे सगळं गोठलंय, तरी बगळा शांत उभा आहे. तुम्ही अर्ध्या तासासाठी काय ओरडता?” सेक्रेटरींनी हे मिनिट्समध्ये कसं लिहायचं ते विचारलं.

एका रविवारी तळेवाल्यांची पोस्ट आली नाही. सिस्टरांनी निळ्या पेनाने ‘ऑब्झर्व्हेशन’ लिहिलं. पुढच्या रविवारीही नाही. “गावाला गेले असतील.” चौथ्या रविवारनंतर सोमवारी सकाळी सव्वासातला आमची बेल वाजली. सिस्टरांच्या हातात रजिस्टर, आणि त्यावर लाल रेघ.

“तळेवाला सिरियस आहे.”

आई पोळ्या टाकून बाहेर आली. “कोण सिरियस आहे? कुठे असतात?”

“इंग्लंडला.”

“अगंबाई! तुमचं कोणी इंग्लंडला आहे?”

“आहे ना. सहा वर्षं झाली.”

आईने मला ढकललंच. “जा गं, बघ काय लागतंय त्यांना.”

लागत होता एक ईमेल. ब्लॉगवर पत्ता होता.

“काय लिहू?”

“विचार, जेवण जातं का. झोप लागते का. पोट साफ होतं का.”

“सिस्टर, अनोळखी माणसाला असं कसं विचारायचं?”

“अनोळखी? त्याच्या बगळ्याचा कोणता पाय अधू आहे ते माहीत आहे मला.”

मी तडजोड करून दोन ओळी लिहिल्या. तुमचं तळं आणि तुम्ही कसे आहात? मुंबईत एक वाचक काळजीत आहेत.

मग रोज सकाळी सिस्टर आमच्या दारात. “रिपोर्ट आला?” नाही म्हटलं की थोडा वेळ तिथेच उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, “मला ड्यूटीत रक्ताची भीती नाही वाटली कधी. सकाळी यावं आणि खाट रिकामी, चादर बदललेली. माणूस घरी गेला की कुठे गेला, सांगायला कोणी नाही. त्याची वाटायची.” आणि कठडा धरून वर निघून गेल्या.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मी मोबाइल घेऊन वर धावले आणि मराठी करत मोठ्याने वाचलं. ते ठीक होते. तळंही ठीक होतं. बगळा येतो. लिहिणं त्यांनी थांबवलं होतं, कारण सहा वर्षांत एकाही माणसाने एक शब्द कळवला नव्हता. मी इतके दिवस तळ्याशीच बोलत होतो, त्यासाठी कम्प्युटरची काय गरज, असं त्यांनी लिहिलं होतं.

“साफ खोटं,” सिस्टर म्हणाल्या. “दर रविवारी लिहिलंय मी.”

त्यांनी रजिस्टर काढून बेड अकराचं पान माझ्यापुढे धरलं. खरंच होतं. तारखेनिशी, पानंच्या पानं.

“सिस्टर, हे तुमच्या वहीत आहे.”

“मग? चार्टवरच लिहितात.”

“पण त्यांना कसं कळणार?”

“पेशंटला चार्ट दाखवत नसतात.”

हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांच्या सवयीने म्हटलं आणि मग त्या थांबल्या.

“तिथे खाली कमेंट लिहायची जागा असते,” मी हळूच म्हटलं. “शून्य दिसत होतं ना तुम्हाला?”

“दिसत होतं. म्हणून तर जात होते.”

त्या स्टुलावर बसल्या. राउंडच्या वेळी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

“म्हणजे मी सहा वर्षं गेले, आणि त्याला पत्ताच नाही.”

“नाही.”

“वाट लागली,” वानखेडे सिस्टर म्हणाल्या. मग उठल्या, ट्रॉली माझ्यापुढे ढकलली. “टाईप कर. सगळं. पहिल्या तारखेपासून.”

आठवडाभर आमचा तोच कार्यक्रम. ऑफिसआधी मी वर जायचे, सिस्टर वाचायच्या, मी इंग्रजी करून एकेका पोस्टखाली टाकायचे. ‘पाणी उतरलं. घाबरण्याचं कारण नाही.’ ‘बेडूक सतरा. प्रगती उत्तम.’ ‘बगळा उजव्या पायाने लंगडतो. लक्ष ठेवणे.’ तिकडून काहीच उत्तर नव्हतं. सिस्टर म्हणायच्या, “शुद्धीवर यायला वेळ लागतो.”

शेवटच्या दिवशी त्या चहा टाकायला आत गेल्या आणि मी पुढची पानं एकटीच वाचून टाईप करत राहिले. अक्षर तेच, सरळ, रेघेवर बसवलेलं. पण अलीकडच्या नोंदी लांब होत गेल्या होत्या. ‘बगळा परत आला. आज मलाही बरं वाटलं.’ ‘बर्फ वितळला. इकडे गुडघा सुजलाय. चार दिवस खाली उतरले नाही.’ ‘पोस्ट दोनदा मोठ्याने वाचली. घरात आवाज असला की बरं असतं.’

त्या चार दिवसांत मी बरोबर खालच्या मजल्यावर होते. आता रोज त्या कठडा धरून उतरत होत्या, तेही मी पाहिलं होतं. विचारलं नव्हतं.

सिस्टर कप घेऊन आल्या. माझं बोट कुठे थांबलंय ते त्यांना दिसलं.

“ते सोड. ते पेशंटचं नाही.”

“मग कोणाचं?”

“चुकून लिहिलं गेलं. सिस्टरने आपलं दुखणं चार्टवर चढवायचं नसतं. मेट्रनने पाहिलं असतं तर तासलं असतं मला.”

मी मान डोलावली. पण गुडघ्याची नोंद मी आधीच पाठवून बसले होते. पुसता आली असती. पुसली नाही, आणि सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला बेल. “चल लवकर. तळेवाल्याने तोंड उघडलं. नीट वाचून सांग.”

तीनशेहून जास्त नोंदी टाकल्या होत्या आम्ही. तळेवाल्यांनी उत्तर एकीलाच दिलं होतं. मी ते मनात वाचलं, मग मोठ्याने वाचावंच लागलं.

“ते म्हणतात, या रविवारी लिहितो. आणि...”

“आणि काय?”

“आणि तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का, असं विचारलंय.”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं. आता मला तासणार, अशी माझी खात्री होती.

“मला विचारलंय?”

“तुम्हालाच.”

चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “लिही. बरा आहे, काळजी नको.”

मी पहिला शब्द टाईप केला.

“थांब.” त्यांनी ट्रॉली आपल्याकडे ओढली, स्टूल घेतलं आणि एक हात गुडघ्यावर दाबत बसल्या. “सरक जरा. मीच लिहिते. बरा कुठे आहे तो?”