परवडणारी क्लिप

"साहेब, महागडं यंत्र मागवूच नका! मी घरबसल्या, अगदी परवडणाऱ्या साहित्यात दोष शोधून देते!" असं ती मीटिंगमध्ये ठणकावून बोलली, आणि कॅमेरा बंद केल्या केल्या ते परवडणारं साहित्य कुठे मिळतं ते शोधायला लागली.

बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर रुजू झाली होती. कंपनी दुकानांतल्या बिलाच्या यंत्रांसाठी छोटे संगणक बनवायची. त्यांतल्या छोट्या मॉडेलचे बोर्ड सुरू होता होता मध्येच गप्प बसायचे, आणि त्यांतला एक तपासायला तिच्या घरी आला होता. दोष फर्मवेअरमध्ये असणार. म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये राहणारा तो छोटा प्रोग्रॅम, जो संगणकाला गदागदा हलवून उठवतो, तोंड धुवायला लावतो आणि कामाला जुंपतो. थोडक्यात, संगणकाची आई!

साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं. सोमवारच्या मीटिंगपर्यंत दोष सापडला तर हे काम तिचं. नाहीतर काम बाहेरच्या तज्ज्ञाला, आणि तिने माहितीपुस्तिका लिहीत बसायचं. "बाळ लहान आहे, तुम्हाला तेच सोयीचं पडेल," असंही ते प्रेमाने म्हणाले होते. त्या प्रेमानेच तिची झोप उडाली होती.

साहित्य दोनच लागणार होतं. एक तार, जी बोर्डाचं पुटपुटणं स्क्रीनवर दाखवते. आणि एक क्लिप, जी चिपच्या बारीक पायांना चावा घेऊन आतला प्रोग्रॅम वाचून घेते.

"मग घेऊन टाक की," नवरा म्हणाला.

"अशी कशी घेऊन टाकू? लोकांची मतं नको वाचायला?"

मुलीची दुधाची बाटली तिने जगभरच्या आयांची मतं वाचून निवडली होती. क्लिपला सावत्रपणा कसा दाखवणार? एकाने लिहिलं होतं, 'उत्तम वस्तू! अजून उघडून पाहिली नाही.' दुसरा म्हणत होता, 'बोर्ड जळाला, पण पार्सल वेळेवर आलं. पाच तारे.' तिसऱ्याची तक्रार रंगाबद्दल होती. डोळे लाल होईपर्यंत वाचून तिने शेवटी सगळ्यांत स्वस्त क्लिप घेतली आणि 'विचारपूर्वक घेतली' अशी मनाची समजूत घातली.

पार्सल आलं. तिने ते जेवणाच्या टेबलावर उघडलं, कात्री जागेवर ठेवायला पाठ फिरवली, आणि वळून बघते तर तिची चिंगी सासूबाईंच्या मांडीवरून झेपावून क्लिप मनसोक्त चोखते आहे! तिने थेट डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, मुलीने क्लिप तोंडात घातली!"

"गिळली?"

"नाही, चोखली."

"मग त्रास काय होतोय?"

"क्लिपला की मुलीला?"

डॉक्टरांनी फोन ठेवला.

क्लिप एकदा तोंडात गेली, म्हणजे पुन्हा जाणार. पुन्हा जाणार, म्हणजे स्वच्छ हवी. या तर्कात कुठल्याही आईला खोट दिसणार नाही. तिने ती दुधाच्या बाटल्यांसोबत स्टरिलायझरमध्ये टाकली. बाहेर आली ती जंतुमुक्त होऊन, पण कवळी काढलेल्या तोंडासारखी सैल! चिपला चावणं लांबच, तिला धड धरवेनासुद्धा.

"क्लिप वाफवलीस?" नवऱ्याने विचारलं.

"निर्जंतुक केली!"

"बरं बरं. आता वरून फोडणी द्यायची का?"

ती रडकुंडीला आली. तेवढ्यात सासूबाई गॅलरीतून कपड्यांचा चिमटा घेऊन आल्या. त्यांनी क्लिप चिपवर दाबली, वरून चिमटा लावला आणि चिमट्यावर स्वतःचा अंगठा रोवला. "वाच आता!"

वाचलं. पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा वेगळंच!

"आई, तुम्ही हललात!"

"हलले नाही गं. श्वास घेतला."

"जपून घ्या ना!"

असं करता करता सोमवारी मीटिंगच्या तोंडावर दोन वाचनं कशीबशी जुळली. "सोडू नका हं! एकदा सुटली तर परत बसायची नाही," तिने बजावलं, आणि घाईघाईत कॅमेरा सुरू केला. स्क्रीनवर एकीकडे साहेब, दुसरीकडे तारेतून येणारं बोर्डाचं पुटपुटणं. तिने बोर्डाचं बटण दाबलं.

काही नाही. पुटपुटणं तर सोडाच, उसासासुद्धा नाही!

साहेब हळहळले. "आधी निदान अर्ध्यापर्यंत तरी चालत होता. जाऊ दे, तुम्ही ती पुस्तिका..."

इतक्यात आतून चिंगीने भोकाड पसरलं. नातीचा आवाज ऐकताच सासूबाईंनी चिमटा, क्लिप, सून, सगळं वाऱ्यावर सोडून आत धाव घेतली. आणि बोर्ड धडाधड बोलायला लागला! अहो, क्लिप चिपला धरून बसलेली असली की बोर्डाला चिपचं काही ऐकूच येत नाही. कॉलेजात शिकलेलं हे ज्ञान तिला आत्ता आठवलं.

ओळीमागून ओळी आल्या आणि शेवटची तिथेच थबकली: दुसरा पंखा फिरण्याची वाट पाहत आहे.

"साहेब! या बोर्डाला पंखा एकच आहे! मोठ्या मॉडेलचं फर्मवेअर यात भरलंय!"

चिंगीला खांद्यावर टाकून सासूबाई परतल्या होत्या. "थोरल्याचे कपडे धाकट्याला घातलेत होय? कुणी केला हा शहाणपणा?"

तो शहाणपणा कुणाचा होता, ते तिला ठाऊक होतं. 'सगळ्या मॉडेलना एकच फर्मवेअर घाला, परवडतं!' हे वाक्य साहेबांचंच. पण आता सासूबाईंच्या तोंडावर हात तरी कसा ठेवणार?

"तुमचा आवाज तुटतोय," साहेब म्हणाले आणि दिसेनासे झाले.

दुपारभर ती पुस्तिकेची प्रस्तावना मनात जुळवत बसली. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला. तिने तो उड्या मारत मोठ्याने वाचला: "काम तुमचंच. बंद पडलेले बाकीचे सगळे बोर्ड उद्या तुमच्या घरी पाठवतो. नवीन साहित्याची गरज दिसत नाही. आहे त्या वस्तूंत आणि आहे त्या माणसांत भागवावं."

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून बॅग भरायला घेतली.

"आई, कुठे निघालात?"

"लेकीकडे. तुझी रजा संपली ना? आता माझी सुरू!"

जाताना कपड्यांचे चिमटे मात्र मोठ्या मनाने ठेवून गेल्या.