टोळीच्या अकरा जागा

फाशांच्या खेळात संतुलित टोळी जुळवण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, असं गहिनीनाथचं ठाम मत होतं, आणि चौसाळ्याजवळच्या चारा छावणीत ते खोडून काढायला कुणाला सवड नव्हती. तिथं सगळ्यांचं लक्ष उसाचा ट्रॅक्टर कधी येतो याच्याकडं.

हा खेळ तो पुण्याच्या कॉलेजात शिकला होता. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. तिथल्या या खेळाच्या क्लबानं त्याला सूत्रधार करायचं कबूल केलं होतं. अट एकच, रविवारच्या आत चार नवशिक्यांना घेऊन एक गोष्ट शेवटाला न्यायची. सुरुवात कुणीही करतं, शेवट करून दाखव, असं त्यांचं म्हणणं. आज शनिवार होता. बापानं त्याला दोन म्हशींच्या सोबतीला छावणीत बसवलं होतं, आणि दुपारच्या वक्ताला छावणीत माणसांना म्हशींपेक्षा कमी काम असतं. म्हशी निदान रवंथ तरी करतात.

चार जण लगेच मिळाले. दूध संस्थेच्या निवडणुकीत तीनदा पॅनेल उभं करून तिन्हीदा पडलेले बंकटनाना. पलीकडच्या दावणीच्या सारजाबाई. गहिनीनाथचा शाळेतला दोस्त मुंजाजी. आणि कशालाच नाही न म्हणणारा त्रिंबक.

"टोळीत चार माणसं लागतात," गहिनीनाथनं सांगितलं. "लढवय्या, मांत्रिक, वैद्य आणि चोर. एक जरी कमी पडला तरी टोळी मरते. कुलपं उघडायला, सापळे ओळखायला चोर लागतोच. तर चोर कोण होतंय?"

सगळे म्हशींकडं बघायला लागले.

"चोर असतोच रे," बंकटनाना समजुतीनं म्हणाले. "कोन्त्या पॅनेलात न्हाई? पर तसं पत्रकावर छापत न्हाईत. तज्ज्ञ संचालक म्हन."

"बरं," त्रिंबक म्हणाला, आणि चोराची जागा भरली.

गहिनीनाथला हे पटलं नाही, पण जागा भरली होती खरी. त्यानं तसं वहीत लिहिलं. तेवढ्यात सारजाबाईंनी विचारलं, "आन बाया किती?"

"तुम्ही आहात ना, मावशी."

"एकच? बायांच्या दोन जागा असत्यात लेकरा. कायदाच हाय तसा." आणि त्यांनी मनकर्णेला हाक मारली. मनकर्णा शेण भरत होती, ती हात धुऊन मांत्रिक झाली.

"आता पाच झाले," गहिनीनाथ म्हणाला. "संतुलन बिघडतंय."

"आत्ता बिघडलं व्हय?" नाना म्हणाले. "पयल्या दावणीचे तीन, दुसरीचे दोन, आन तिसऱ्या, चौथ्या दावणीचा एकबी न्हाई. उद्या चारा वाटताना त्यांना तोंड कसं दावायचं?"

"नाना, संतुलन म्हणजे कोण काय काम करतं ते. कोण कुठं जनावर बांधतं ते नाही."

"काम निवडून आल्यावर बघत्यात बे," मुंजाजीनं त्याला शिकवलं.

अर्ध्या तासात टोळी अकरा जणांची झाली. आकडा विषम ठेवला, मतं सारखी पडू नयेत म्हणून. त्यात नऊ लढवय्ये होते, कारण दुसऱ्या दावणीला लढवय्या दिला तर तिसरीला वैद्य कसा देणार. त्यातले दोघे बांधावरून चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांना टोळीच्या दोन टोकांना उभं केलं.

"आणि वैद्य?" गहिनीनाथनं कपाळ पुसत विचारलं.

"त्यो स्वीकृत घेऊ नंतर," नाना म्हणाले.

गहिनीनाथनं वही बघितली, टोळी बघितली, आणि आपलं नक्की कुठं चुकलं हे काही त्याला सापडलं नाही. शेवट गाठणं महत्त्वाचं, म्हणून त्यानं गोष्टीतल्या मधल्या चार खोल्या गाळल्या आणि टोळी थेट गुहेत नेली. "समोर तळं. तळ्यावर तीन डोक्यांचा राक्षस बसलाय. कुणाला पाणी पिऊ देत नाही. त्याला मारलं की गोष्ट संपली. चला, कोण वार करतंय?"

कुणीच करेना. अकरा जणांनी डोकी एकत्र घातली.

"पानी त्याच्याकडं हाय," नाना हळूच म्हणाले, "म्हंजी ह्या भागात वजन त्याचंच. अशा मानसाला बाहीर ठिऊन पॅनेल का म्हून केलं आपुन?"

"नाना, तो माणूस नाही."

"तीन डोकी, म्हंजी तीन मतं," मुंजाजीनं हिशेब केला.

"मत एकच," सारजाबाईंनी त्याला गप्प केलं. "तोंडं कितीबी असू देत. मी म्हनते, इचारा त्याला. अध्यक्ष हो, आन पानी सोड."

"असं चालत नाही," गहिनीनाथ म्हणाला. "त्याचं मन वळवायला फाशावर वीस पडावे लागतात. पूर्ण वीस."

मनकर्णेनं पदराला हात पुसले आणि फासा टाकला. वीस पडले.

नियम त्याचाच होता. राक्षसाला हो म्हणावं लागलं. गहिनीनाथनं पडक्या आवाजात त्याच्या वतीनं होकार दिला. मुंजाजीनं स्वतःची जागा मोकळी केली, राक्षस बिनविरोध अध्यक्ष झाला आणि उरलेल्या आठही लढवय्यांनी त्याचा सत्कार केला. बांधावरचे ते दोघे राक्षसाच्या दोन बाजूंना उभे राहिले. तळ्याचं पाणी सुटलं.

गहिनीनाथनं सुस्कारा सोडला. मारामारी न होता का होईना, शेवट तर झाला होता. क्लबाला कळवायला त्यानं फोन काढला. "चला, गोष्ट संपली म्हणायची."

"संपली कशी?" बंकटनाना चमकले. "आत्ता कुठं मंडळ बसलंय."

"मग संपणार कधी?"

"मुदत पाच वर्साची असती."

गहिनीनाथनं फोन परत खिशात घातला. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. त्रिंबकनं मात्र दुपारभरात पहिल्यांदाच शंका काढली.

"मधीच मंडळ बरखास्त झालं तर, नाना?"

"तर प्रशासक येतो," नाना म्हणाले. "मग काय सांगावं, धा वर्सं बी लागतील."