डाव्या बाजूचा आवाज

यज्ञेश्वरांनी गाडीतला रेडिओ बंद केला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण रेडिओवरची मुलगी एका दमात मराठी, हिंदी आणि इंग्रजीत काहीतरी किंचाळली, यज्ञेश्वर म्हणाले, "काय कटकट आहे!" आणि त्यांनी बटण दाबलं. गाडीत शांतता पसरली. त्या शांततेत, खडकी बाजारातल्या स्पीडब्रेकरवर, त्यांना तो पहिल्यांदा ऐकू आला.

खुडुक.

"ऐकलंस?" त्यांनी शेजारी बसलेल्या ललिताबाईंना विचारलं.

"काय?"

"आवाज."

"तुम्ही आत्ताच बंद केलात ना रेडिओ?"

पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. खुडुक. यज्ञेश्वरांच्या कपाळावर आठी पडली, आणि ती आठी पुढे उन्हाळा लागेपर्यंत मुक्कामाला राहिली.

आता यज्ञेश्वर कोण, ते सांगायला हवं. एका कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांचा जन्म गेला. दुसऱ्यांनी केलेल्या मालातली खोट शोधायची आणि त्यावर 'रिजेक्ट'चा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. कारखान्याने त्यांना रीतसर निरोप देऊन घरी पाठवलं, पण शिक्का काही हातातून सुटला नाही. घरी आल्यावर त्यांनी पेपरवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचा पंप आणि ललिताबाईंची आमटी यांची तपासणी सुरू केली. (जावई लग्नाआधीच तपासला होता. तो अजून रिजेक्टच आहे, पण मुलीने तो परत केला नाही.)

अशा माणसाने दसऱ्याला कोरी करकरीत गाडी घेतली. देवळासमोर पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली गेली, एक नारळ तिथेच फोडला. दुसरा नारळ गुरुजींनी प्रसाद म्हणून हातात दिला. तो यज्ञेश्वरांनी लाल कापडात बांधला आणि पुढच्या डाव्या सीटखाली, जुन्या टॉवेलचा आधार देऊन, घट्ट बसवला. गाडीचं रक्षण करायला तो तिथेच राहणार होता.

गाडी घेताना नवरा-बायकोत एक बोली झाली होती. ललिताबाईंनी आधीच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून लायसन्स काढलं होतं. गाडी दोघांनी चालवायची, असं ठरलं होतं. पण दसऱ्याला यज्ञेश्वर म्हणाले, इंजिन जरा मोकळं होऊ दे. दिवाळीला म्हणाले, सणाची गर्दी आहे. संक्रांतीला त्यांना काही सुचेना, तेवढ्यात हा आवाज देवासारखा धावून आला.

"आधी आवाज सापडू दे," ते म्हणाले. "सदोष गाडी नवशिक्याच्या हातात द्यायची नसते."

"आणि नाही सापडला तर?"

"तीस वर्षं खोट शोधतोय मी. न सापडून जातो कुठे?"

 ललिताबाईंचा जीव या गाडीत अडकला होता, तो वेगळ्याच कारणाने. त्यांचं माहेर खराडीचं. खराडीत शेतं होती तिथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण माहेर ते माहेरच. तिथे थोरल्या भावाच्या, रावसाहेबांच्या सुनेचं डोहाळजेवण ठरलं होतं. आणि भावजयांच्या घोळक्यात ललिताबाई मागेच बोलून बसल्या होत्या, की या कार्यक्रमाला मी स्वतः गाडी चालवत येणार. घोळक्यातली एक फिसकन हसली होती. ते हसू ललिताबाईंच्या डोक्यातून जात नव्हतं.

इकडे यज्ञेश्वरांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. पेपर वाचता वाचता ते उठायचे आणि खाली जाऊन गाडीचं दार उघडून मिटायचे. जेवताना घास हातात धरून म्हणायचे, "डॅशबोर्ड असेल का?" चांगला रस्ता सोडून खोदलेल्या रस्त्याने गाडी न्यायचे. दूध आणायला म्हणून बाहेर पडायचे, सगळे स्पीडब्रेकर पालथे घालून यायचे आणि दूध विसरायचे. एवढ्या फेऱ्यांतून एकच गोष्ट नक्की झाली. आवाज डाव्या बाजूने येत होता.

डाव्या बाजूला ललिताबाई बसत.

"तुझ्या पर्समध्ये काय आहे?"

"पर्स."

"म्हणजे आत काय आहे?"

"तुमचा चष्मा, तुमच्या गोळ्या, तुमचा रुमाल."

पर्स मागच्या सीटवर गेली. खुडुक.

"बांगड्या काढ बरं."

"अहो, भर रस्त्यात बांगड्या काय काढायला लावता? तुम्ही धडधाकट समोर बसलाय!"

"पाच मिनिटं काढ. परत घाल."

ललिताबाईंनी बांगड्या काढल्या नाहीत, पण त्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या, खडकीपासून थेट स्वारगेटपर्यंत बसून राहिल्या. खुडुक, खुडुक. यज्ञेश्वरांनी संशयाने त्यांच्या गुडघ्यांकडेही पाहिलं.

"गुडघे पण काढून ठेवू का?" ललिताबाईंनी विचारलं.

घरी आल्यावर यज्ञेश्वरांनी डाव्या सीटखाली बॅटरी मारून पाहिलं. नारळ टॉवेलमध्ये घट्ट बसलेला होता, जागचा हलत नव्हता. त्यांनी त्याला हलकेच हात लावून नमस्कार केला आणि मनात म्हणाले, बाबा रे, तूच काहीतरी कर.

शेवटी गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायचं ठरलं. आता गाडी सर्व्हिसिंगला देण्याची यज्ञेश्वरांची एक पद्धत होती. 'कंपनीची माणसं' या जमातीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे नेण्याआधी ते गाडी रिकामी करत. छत्री, फडकं, टिश्यूचं अर्धं खोकं, पायाखालच्या मॅट, चार्जरची वायर, जॅक, पाने आणि डिकीतली स्टेपनी, सगळं घरात येई. अगदी शेवटी ते नारळ दोन्ही हातांनी वर आणून देवघरात ठेवत. (चोरी होईल म्हणून नव्हे. पण कोणाचे पाय लागतील, सांगता येत नाही.)

सर्व्हिस सेंटरमध्ये अपेक्षा नावाची तरतरीत मुलगी टॅबलेट घेऊन उभी होती.

"सर, एक्झॅक्टली काय कम्प्लेंट आहे?"

"आवाज येतो."

"ओके. रॅटल, स्क्वीक, की थड?"

"खुडुक."

"सॉरी?"

"खुडुक," यज्ञेश्वर मोठ्याने म्हणाले. शेजारच्या काउंटरवरचे लोक वळून बघायला लागले.

"सर, सिस्टीममध्ये खुडुक हा ऑप्शन नाहीये. मी 'अदर' टाकते." मग तिने डिकी उघडली. "सर, स्टेपनी?"

"घरी आहे."

"घरी?"

"सुरक्षित आहे."

अपेक्षा त्यांना शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्हला घेऊन गेली. खड्डे झाले, गटाराची झाकणं झाली, उखडलेला फुटपाथही झाला. गाडी चूप. यज्ञेश्वर सीटवर पुढे-मागे हलले, दाराला गुद्दे मारून बघितले, गाडीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. गाडीने हूं की चूं केलं नाही.

"सर, आम्हाला तर काहीच आवाज येत नाहीये," अपेक्षा मोठ्या नम्रपणे म्हणाली. तरीही त्यांनी डॅशबोर्डखाली कसलीशी पट्टी चिकटवली, चार स्क्रू आवळले आणि गाडी धुऊन दिली.

यज्ञेश्वर घरी आले. छत्री, फडकं, टिश्यू, मॅट, जॅक, स्टेपनी, सगळं जागच्या जागी ठेवलं. नारळ नमस्कार करून सीटखाली बसवला. ललिताबाईंना शेजारी बसवून फाटकातून बाहेर पडले.

खुडुक.

"बघ! बघ!" ते ओरडले. त्यांच्या आवाजात संताप होता, पण थोडा आनंदही होता, हे मान्य करायला हवं. "तिथे गप्प, इथे सुरू! तात्पुरती मलमपट्टी करून पाठवतात लेकाचे!"

पुढच्या खेपेलाही हेच झालं. ऊन तापत गेलं तसा आवाज आणखी मोकळा, आणखी खणखणीत झाला. डोहाळजेवण रविवारवर आलं. बातमी खराडीपर्यंत पोचली होती. रावसाहेबांचा फोन आला.

"दाजी, नवी गाडी वाजतीया म्हनं?"

"किरकोळ आहे हो."

"आमची जुनी जीप बगा, हाय का कसला आवाज? दरवाजंच ठेवलं न्हाईत, वाजनार काय! बरं, ललिताला न्यायला मी येऊ का जीप घेऊन?"

ललिताबाईंनी फोन हिसकावून घेतला. "काही येऊ नकोस, दादा. मी चालवत येतेय. सांगून ठेव सगळ्यांना."

फोन ठेवल्यावर त्या यज्ञेश्वरांकडे वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "शनिवारपर्यंत काय तो आवाज शोधा, नाहीतर त्याच्याबरोबर आयुष्य काढा. पण रविवारी मी त्या जीपमधून उतरणार नाही."

यज्ञेश्वरांना पहिल्यांदाच थोडं अपराधी वाटलं. त्यांनी शब्द दिला, की शनिवारी आवाज गेला, तर रविवारी गाडी तुझ्या हातात. (हा आवाज जाणार नाही, याची त्यांना खात्री होती. तरीपण शब्द दिला, हे महत्त्वाचं.)

शनिवारी पुन्हा गाडी रिकामी झाली, स्टेपनी हॉलमध्ये आली, नारळ देवघरात गेला. अपेक्षाने या वेळी दुरूनच हात जोडले. दुपारी गाडी घेऊन यज्ञेश्वर परतले, तेव्हा ललिताबाई ओटीचं सामान काढत होत्या. खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड झालं होतं, नारळ बघायचा होता. बाजारातून आणलेला नारळ त्यांनी कानाशी नेऊन हलवला, पाणी डुचमळलं. मग सहज म्हणून त्यांनी देवघरातला लाल कापडातला नारळ उचलला आणि तोही कानाशी नेऊन हलवला.

पुन्हा हलवला. मग थोडा वेळ त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" यज्ञेश्वरांनी हात-पाय धुता धुता विचारलं.

"काही नाही. तुम्ही सामान ठेवून एक चक्कर मारून या. नारळ राहू दे, उद्या ठेवू. उगाच बाहेरून आल्या हाताने नको."

यज्ञेश्वर चक्कर मारून आले ते भूत पाहिल्यासारखे. आवाज गेला होता. त्यांनी सगळे नेहमीचे स्पीडब्रेकर पुन्हा घेतले, काही तर उलट बाजूने घेतले. काही नाही. गाडीत एवढी शांतता होती, की त्यांना करमेना.

पण जेवायला बसेपर्यंत त्यांनी स्वतःला सावरलं. "त्या पोरीला बरोबर लाइनवर आणलं मी," ते भाकरी मोडत म्हणाले. "लावून धरावं लागतं. तपासणी खात्यात उगाच नाही घालवली तीस वर्षं." मग त्यांनी ताटातल्या चटणीकडे मोर्चा वळवला. "वा! खोबऱ्याची? लसूण काय उतरलाय! अजून घाल."

ललिताबाईंनी अजून घातली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा त्यांना हसू आवरेना, म्हणून त्या पाणी आणायला आत गेल्या.

रविवारी सकाळी ललिताबाई जरीचं लुगडं नेसून, गाडीची किल्ली बोटात अडकवून तयार उभ्या होत्या. यज्ञेश्वर देवघरात शोधाशोध करत होते.

"अगं, नारळ कुठाय? सीटखाली ठेवायचाय."

"तुमच्या पोटात."

"काय?"

"काल तीनदा मागून घेतलात. वाळून गोटा झाला होता आत, सुटा झाला होता. हलवला की खुडुक वाजायचा. गाडी दाखवायला न्यायच्या आधी तुम्ही त्याला घरी आणून ठेवायचात, आणि गाडी आली की परत बसवायचात." ललिताबाई शांतपणे म्हणाल्या. "प्रसाद आहे तो. खायचा असतो. सीटखाली कोंबायचा नसतो."

यज्ञेश्वर मटकन खुर्चीत बसले.  मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे गाडीत खोट नव्हतीच?" आणि खरं सांगायचं, तर त्यांना याचंच जास्त वाईट वाटलं.

दिलेला शब्द मात्र पाळावा लागला. ललिताबाई स्टीअरिंगवर बसल्या, यज्ञेश्वर डाव्या सीटवर. गाडी फाटकातून सुरेख बाहेर पडली.

"हळू," यज्ञेश्वर म्हणाले.

गाडी हळूच चालली होती.

"गिअर बदल. बदलला? मग मला जाणवला कसा नाही? आरसा बघ. माझ्याकडे काय बघतेस, आरसा बघ! रिक्षा! रिक्षा! गेली. हॉर्न वाजव. एवढा नको. क्लचवरचा पाय काढ. खड्डा आहे. पुढे आहे. त्याच्या पुढे अजून एक आहे. डावीकडे घे. एवढं डावीकडे नाही!"

होळकर पूल गेला. यज्ञेश्वरांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबून दाबून भरून आला. येरवड्याच्या अलीकडे ललिताबाईंनी इंडिकेटर दिला, आरसा पाहिला आणि गाडी रस्त्याच्या कडेला अलगद उभी केली.

"काय झालं? बंद पडली?"

"आवाज येतोय," ललिताबाई म्हणाल्या.

"मला तर नाही येत."

"मला येतोय. डाव्या बाजूने." त्यांनी हात लांब करून डावं दार उघडलं. "उतरा. तसंही डोहाळजेवण बायकांचंच आहे. डबा फ्रिजमध्ये आहे."

यज्ञेश्वर उतरले. का उतरले, ते त्यांनाही कळलं नाही, पण बायकोचा तो सूर त्यांनी लग्नानंतर एकदाच ऐकला होता आणि तेव्हाही ते उतरलेच होते. गाडी कसलाही झटका न देता नगर रोडच्या गर्दीत मिसळली. ते रिक्षाने घरी परतले. रिक्षाची काच, मीटर, हुड, सीट, सगळं रस्ताभर खडखडत होतं, आणि यज्ञेश्वरांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द निघाला नाही.

घरी पोचून ते डबा उघडतात तोच रावसाहेबांचा फोन आला.

"दाजी, ललिता पोचली बरं का! कसली झोकात आली! समद्या बायका फाटकावर उभ्या व्हत्या बगायला, एकीच्या तोंडातनं ब्र निघाला न्हाई."

"हो का," यज्ञेश्वर म्हणाले. "गाडी कशी वाटली?"

"ब्येस हाय की! तुमी उगाच बोंब मारत व्हता. मी इचारलं तिला, वाटंत वाजली का न्हाई? तर म्हनली, येरवड्यापतूर लई वाजत व्हती, तितनं पुढं एकदम गप."