नियमात बसलेलं टेंगूळ

"या महिन्यात कारणाशिवाय एकही सीटी स्कॅन होऊ देणार नाही!" नकोसाहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटली. टेबल हललं. बाकी कोणी हललं नाही.

नकोसाहेब म्हणजे हॉस्पिटलचे रेडिओलॉजिस्ट, एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर. खरं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. पाठ धरली की एक्स-रे, डोकं आपटलं की स्कॅन, असा तिथला खाक्या. साहेब प्रत्येक वेळी 'नको' म्हणायचे आणि स्कॅन व्हायचाच! "पेशंटचं समाधान होतं हो," हाडांचे डॉक्टर म्हणायचे. मागच्याच आठवड्यात पलंगावरून पडलेल्या, पण हसतखेळत आलेल्या दोन वर्षांच्या पोरीचा स्कॅन झाला. कशासाठी? तर आजीच्या समाधानासाठी! त्या एवढ्याशा डोक्यातून फुकटचे किरण गेले, याचं साहेबांना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. रिटायर व्हायच्या आत एकदा तरी कोणी आपलं ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

म्हणून त्यांनी नियमांचं भलंमोठं पोस्टर छापून घेतलं. डोक्याला मार लागल्यावर पेशंट बेशुद्ध पडला, उलट्या झाल्या, वय पासष्टच्या पुढे असलं किंवा तो भ्रम झाल्यासारखं तेच तेच बोलू लागला, तरच स्कॅन. पोस्टर लावायला कोणालाच सवड होईना, तेव्हा साहेब स्वतःच कॅज्युअल्टीत स्टुलावर चढले. स्टुलाचे तीन पाय जमिनीवर होते, चौथा नुसता सोबतीला होता.

धाडकन!

"अगं बाई, साहेब पडले!" सिस्टर किंचाळली. ड्यूटीवरची नवी डॉक्टर धावत आली.

"काहीही झालेलं नाही," साहेब डोकं चोळत उठून बसले. "शुद्धीवर आहे. उलटी नाही. वय एकसष्ट. स्कॅन नको."

"सर, लिंबाएवढं टेंगूळ आलंय!"

"टेंगूळ नियमात नाही! कारणाशिवाय स्कॅन करायचा नाही!"

"बरं सर. चक्कर येतेय का?"

"नाही! कारणाशिवाय स्कॅन करायचा नाही!"

"मळमळ?"

"कारणाशिवाय स्कॅन करायचा नाही!!"

डॉक्टर एका कोपऱ्यावर लोंबकळणाऱ्या पोस्टरकडे वळली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. कोणीतरी आपलं पोस्टर वाचतंय! साहेबांना एकदम भरून आलं.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "सर तेच तेच बोलतायत."

"अहो मॅडम, सहा वर्षं तेच बोलतायत ते!"

"सहा वर्षं?" डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि अजून स्कॅन केला नाही?"

"अगं, मी नियम सांगतोय तुला!" साहेब ओरडले.

"हो सर, नियमानंच करतोय आम्ही. शांत पडून राहा बरं."

स्ट्रेचर आलं. दोन वॉर्डबॉयनी साहेबांना अलगद उचललं. "कारणाशिवाय..." साहेबांनी सुरुवात केली मात्र, सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि स्ट्रेचरचे पट्टे आवळले.

स्कॅन झाला. पण वाचणार कोण? हॉस्पिटलात स्कॅन वाचणारा माणूस एकच! डोक्यावर बर्फाची पिशवी धरून साहेब अंधाऱ्या खोलीत स्वतःचा मेंदू पाहत बसले. सगळं जागच्या जागी होतं. कोणी ऐकत नाही म्हणून मनाला जे लागायचं, त्याची खूण मात्र त्या चित्रात कुठे नव्हती.

दारात नवी डॉक्टर उभी होती. "सर, नियमात बसतो ना?" तिनं घाबरत विचारलं.

साहेबांनी स्कॅनच्या फॉर्मवर तिनं लिहिलेलं कारण वाचलं, 'एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतात.' खोटं कसं म्हणणार? नियम त्यांचाच होता. "बसतो," ते म्हणाले आणि मुकाट्यानं सही केली.

महिनाअखेर तपासणी झाली. कॅज्युअल्टीत अगदी नियमाला धरून झालेला स्कॅन तेवढा एकच निघाला. त्याबद्दल सुपरिंटेंडंटनी भर मीटिंगमध्ये नव्या डॉक्टरचं कौतुक केलं. साहेबांनीही टाळ्या वाजवल्या.

हल्ली साहेब कोणताही नियम एकदाच सांगतात. दुसऱ्यांदा तोंड उघडलं की सिस्टर त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघते. आणि एकदा सांगितलेलं तिथे कोणी ऐकत नाही.