शेवटचं पान आणि दोन कप

"आज साहेबांची बोलती बंद करते की नाही बघाच," असं नवऱ्याला ऐकवून बाई सकाळी घराबाहेर पडल्या.

बाई इंग्रजीच्या भावी शिक्षकांना साहित्य शिकवायच्या. तपासणीला येणाऱ्या साहेबांचा मात्र एकच हेका: ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना व्याकरण शिकवा, गोष्टी कसल्या सांगत बसता? आज तास पटला नाही तर साहित्याचा पेपर रद्द, आणि पेपराबरोबर बाईंची नोकरीही. म्हणून बाईंनी प्रत्येकाकडून प्रश्न आणि उत्तरं घोटून घेतली होती. कारण ही मंडळी उद्या इंग्रजी शिकवणार खरी, पण आज इंग्रजीत बोला म्हटलं की दातखीळ बसायची. या घोकंपट्टीच्या गडबडीत गोष्टीचा शेवट वाचायचा मात्र बाईंचाच राहून गेला.

तास झकास चालला. गोष्टीत एक एकटा म्हातारा घरी येतो. दाराला कुलूप जसंच्या तसं, पण आत किटली गरम! तो जरा थांबतो आणि कपाटातून दोन कप काढतो. खाली लिहिलेलं, 'पुढील पान पाहा'. बाईंनी पान उलटलं, तर मागे कोरं. झेरॉक्सवाल्याने शेवटचं पान गिळलं होतं.

पाठ केलेली उत्तरं संपली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात वर्षभर मौन पाळलेला मागच्या बाकावरचा एकजण उठला. "मॅडम, वाइफ मस्ट केम."

"वाइफ डेड! पेज टू!" पुढच्या बाकावरची एकजण कडाडली. "थीफ मस्ट केम."

"थीफ मेक टी?"

"मस्ट केम नाही, मस्ट हॅव कम!" साहेबांना राहवेना.

"येस सर. बट हू मस्ट हॅव कम?"

साहेबांनी हातातली गोष्ट पुन्हा चाळली. मग हळूच म्हणाले, "नेबर माइट हॅव कम." झालं, वर्ग त्यांच्यावर तुटून पडला, तोही इंग्रजीत. 'मस्ट हॅव', 'माइट हॅव', 'कुड हॅव' यांचं नुसतं उधाण आलं. तास संपल्याची घंटा झाली, तरी कोणी हलेना.

जाताना साहेब म्हणाले, "पेपर राहील. पण ते पान सापडलं की आधी मला कळवा. जीव टांगणीला लागलाय हो."

घरी येताच बाईंनी चप्पल न काढता मूळ पुस्तक उघडलं. गोष्ट दोन कपांवरच संपत होती. पुढच्या पानावर स्वाध्याय: 'मस्ट हॅव' वापरून रिकाम्या जागा भरा.

फोन वाजला. "सापडलं का पान?"

बाईंनी पुस्तक मिटलं. "शोधतेय, साहेब. तुम्हाला काय वाटतं, कोण आलं असेल?"

साहेब जे सुरू झाले ते थांबेचनात. बाईंचा कान तापला, त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

नवऱ्याने चहाचे दोन कप आणून ठेवले आणि हळूच विचारलं, "काय, झाली का बंद बोलती?"